एअरफिट एफ-२० मास्क: पट्टे आवळण्याआधी

रेसमेड कंपनीचा एअरफिट एफ-२० हा नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा सीपॅप मास्क. सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्यांना बहुधा हाच प्रकार लागतो, आणि हवा गळते म्हणून कुरकुरही याच प्रकाराबद्दल जास्त, कारण चेहऱ्याला टेकणारी कड लांब आहे. मास्क चांगला आहे. फक्त दुकानात ज्या पद्धतीनं तो चढवून दाखवतात, ती पद्धत चुकीची आहे.

मुंबईतल्या प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकल दुकानात असो की घरी आलेल्या टेक्निशियनसमोर, माणूस खुर्चीत ताठ बसलेला असतो आणि मशीन बंद असतं. आडवं झाल्यावर गाल आणि जबडा सैल पडतात, चेहऱ्याचा आकारच बदलतो. त्यात ऑटो मशीन, म्हणजे गरजेप्रमाणे प्रेशर आपोआप बदलणारं मशीन, झोप लागताना ४ च्या प्रेशरवर असेल तर पहाटेपर्यंत ११-१२ वरही गेलेलं असू शकतं. चारवर घट्ट बसलेला मास्क बारावर फुरफुरतो, मग माणूस अर्धवट झोपेत पट्टे आवळतो, आणि इथेच खेळ बिघडतो. एफ-२०च्या कुशनची, म्हणजे चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ भागाची, आतली कड सिलिकॉनच्या पातळ पापुद्र्याची आहे. हवा तिला आतून फुगवते, तेव्हा ती कातडीला चिकटते. पट्टा आवळला की पापुद्रा चेपतो, घडी पडते आणि त्या घडीतून हवा थेट डोळ्यांवर येते. सकाळी डोळे लाल, नाकाच्या हाडावर वळ, आणि गळती तेवढीच.

त्यामुळे मास्क लावायचा तो पलंगावर, नेहमीच्या उशीवर, नेहमीच्या कुशीवर. रेसमेडच्या एअरसेन्स १० या मशीनमध्ये ‘रन मास्क फिट’ ही सोय आहे, ते सुरू केलं की काही मिनिटं हवा जोरात येते. तेवढ्यात वरच्या दोन्ही पट्ट्यांचं वेल्क्रो सोडा, मास्क चेहऱ्यापासून बोटभर पुढे ओढा, कुशन फुगू द्या आणि अलगद परत टेकवा. आधी वरचे पट्टे, दोन्ही बाजूंना सारखे, मग खालचे. पट्ट्याखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. डोळ्यांकडे हवा येत असेल तर खालचे पट्टे थोडे सैल करून बघा, कारण ते फार ओढले की मास्कचं वरचं टोक उचललं जातं. हे कुणी सांगत नाही.

साइज तीन: स्मॉल, मीडियम, लार्ज. मोजायचं तोंड किंचित उघडं ठेवून, नाकाच्या हाडापासून खालच्या ओठाखालच्या खोबणीपर्यंत. दोन मापांच्या मध्ये असाल तर आधी लहान लावून बघा. मोठं कुशन डोळ्यांच्या कोपऱ्यात शिरतं. रात्री कवळी काढून ठेवत असाल तर माप कवळी काढूनच घ्यायचं. मिशी अडत नाही, ती कुशनच्या आत राहते. हनुवटीवरची दाढी मात्र अडते.

आता एक गैरसमज. नळी जिथे मास्कला जोडली जाते त्या कोपराला बारीक भोकं असतात आणि तिथून हवा सतत येते. ती गळती नव्हे, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो. तिथे टेप लावणारे लोक आहेत! कृपया लावू नका. त्याच कोपरात एक लवचिक झडप आहे. वीज गेली की ती उघडते आणि खोलीतली हवा आत येते. मशीन चालू असताना ती बंद राहायला हवी. साबणाचा थर सुकून ती चिकटली तर हवा तिथून निसटते आणि दोष कुशनला जातो.

अंदाजावर राहू नका, आकडा बघा. रेसमेडच्या मशीनमध्ये गळती मिनिटाला २४ लिटरच्या वर गेली की पडद्यावर ‘मास्क सील’समोरचा हसरा चेहरा उदास होतो. पण सेटिंगमध्ये मास्कचा प्रकार ‘फुल फेस’ हवा. तिथे ‘पिलोज’ (फक्त नाकपुड्यांशी बसणारा मास्क) राहिलं असेल तर भोकांतून मुद्दाम सुटणारी हवा वजा करून गळती काढणारा मशीनचा हिशेबच चुकतो.

मुंबईत दोन गोष्टी वेगळ्या. पावसाळ्यात हवेतच इतका दमटपणा असतो की ह्युमिडिफायर (हवेला ओलावा देणारी मशीनची पाण्याची टाकी) १ किंवा २ वर पुरतो. ४ वर ठेवून एसी लावला की नळीत पाणी साचतं, गुडगुडतं आणि मास्कमध्ये ठिबकतं. ओल्या कातडीवरून कुशन घसरतं. मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा. दुसरी गोष्ट खोबरेल तेल. झोपताना डोक्याला तेल आणि चेहऱ्याला क्रीम लावायची सवय असेल तर कोणताच मास्क टिकणार नाही. चेहरा साबणानं धुऊनच मास्क लावा. कुशन रोज कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुवा आणि सावलीत वाळवा. हेडगिअर, म्हणजे डोक्याचे पट्टे, आठवड्यातून एकदा. पावसात वाळायला वेळ लागतो, सकाळीच धुवा. वेल्क्रो शेवटच्या टोकाला लावावं लागत असेल तर इलॅस्टिक गेलंय. पिवळं, दाबल्यावर परत न उसळणारं कुशन बदला, पूर्ण मास्क घ्यायची गरज नाही.

याच फ्रेमवर एअरटच एफ-२०चं फोमचं कुशनही बसतं. कातडीला मऊ लागतं, सील छान. पण ते पाण्यानं धुता येत नाही आणि महिन्याला बदलावं लागतं. आपल्या घामाच्या हवेत पैसे वाया.

खालच्या पट्ट्यांच्या क्लिपा चुंबकाच्या आहेत, अंधारातही पटकन लागतात. मात्र तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर किंवा शरीरात चुंबकाला ओढली जाणारी धातूची क्लिप असेल तर हा मास्क वापरू नका, डॉक्टरांना विचारा. २०२३ मध्ये रेसमेडनंच तसा इशारा दिला आहे आणि चुंबक अशा उपकरणांपासून किमान १५ सेंटीमीटर लांब ठेवायला सांगितलं आहे. दुकानदार हे आपणहून विचारेलच असं नाही.