सात महिने कायद्याच्या डेटासोबत: लेजिस्लेशन डॉट गव्ह डॉट यूके

ब्रिटनचे कायदे प्रसिद्ध करणाऱ्या या सरकारी संकेतस्थळाचा डेटा मी गेले सात महिने रोज वापरतोय. आमचं काम म्हणजे वकिलांना नेमकं कलम शोधून देणारं सर्च टूल. त्याआधी दुसऱ्या एका सेवेकडून पीडीएफ घ्यायचो. सगळी स्कॅन केलेली पानं. कलमाचा नंबर कुठला आणि पानाचा कुठला, हे वेगळं काढण्यातच आठवडे जायचे. इथे पहिल्याच दिवशी कलमाच्या पत्त्याला शेवटी 'डेटा डॉट एक्सएमएल' जोडलं आणि स्वच्छ एक्सएमएल, म्हणजे प्रत्येक भागाला खुणेचा टॅग लावलेला मजकूर, समोर आलं. खरंच हायसं वाटलं. शिवाय ओपन गव्हर्नमेंट लायसन्स हा सरकारी माहितीचा खुला परवाना आहे, त्यामुळे स्रोताचा उल्लेख केला की व्यावसायिक वापरही चालतो.

पण या डेटाची खरी ताकद आहे तारखांमध्ये, आणि ती कळायला मला दोन महिने लागले.

१९६८च्या थेफ्ट ॲक्टचं कलम १५ घ्या: फसवून मालमत्ता मिळवणं. २००६च्या फ्रॉड ॲक्टमुळे ते १५ जानेवारी २००७पासून रद्द झालं. सुरुवातीला आम्ही इंडेक्समध्ये, म्हणजे सर्चच्या सूचीत, फक्त आजचा मजकूर घेतला होता, त्यामुळे कलम १५ शोधलं की रद्द मजकुराच्या जागी नुसती टिंबांची ओळ यायची. पण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनंच कलम लागतं, आणि वकिलाला हवं असतं तेच. पत्त्याच्या शेवटी तारीख लिहिली की त्या दिवशी लागू असलेला मजकूर मिळतो, साधारण १ फेब्रुवारी १९९१पर्यंत मागे जाता येतं. मग आम्ही इंडेक्सच बदलला. आता प्रत्येक कलमाची प्रत्येक आवृत्ती वेगळी नोंद आहे, 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' या दोन रकान्यांसह. एवढ्या एका बदलाने टूलवरचा विश्वास वाढला.

दुसरी चूक तुकडे पाडण्याची. सर्चसाठी मी मजकूर सरसकट पाचशे-पाचशे शब्दांत कापत होतो. याच कायद्यातल्या घरफोडीच्या कलम ९ मध्ये 'ती व्यक्ती घरफोडीची दोषी ठरते, जर' असं वर एकदाच म्हटलंय आणि खाली ए आणि बी असे दोन पर्याय आहेत. कापताना बी एकटाच पडला. निकालात दिसायचं ते फक्त इमारतीत शिरल्यानंतर चोरी करण्याबद्दलचं अर्धं वाक्य, कसला गुन्हा ते कुठेच नाही! खरं तर एक्सएमएलमध्ये कलम, पोटकलम, खंड अशा पायऱ्या आधीच खुणा करून दिलेल्या आहेत. त्याच पायऱ्यांवर तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यासोबत वरचं वाक्य ठेवा, इतकंच करायचं होतं.

कलमांचे नंबर डेटाबेसमध्ये आकडा म्हणून कधीही साठवू नका. १९९२मध्ये याच कायद्यात १२ आणि १३च्या मध्ये १२ए घातलं गेलं. आमचा पार्सर, म्हणजे मजकूर वाचून त्याचे भाग ओळखणारा प्रोग्रॅम, तिथेच अडला.

भौगोलिक व्याप्तीही नीट वाचा. एकाच कलमाचा इंग्लंड-वेल्ससाठी एक आणि स्कॉटलंडसाठी दुसरा मजकूर असू शकतो. ही माहिती टॅगमध्ये असते. आम्ही ती फिल्टर म्हणून दिली.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मजकुरात अजून न उतरलेल्या दुरुस्त्या हे संकेतस्थळ स्वतःच सांगतं. ती सूचना आम्ही कलमाच्या वरच ठळक दाखवतो. ती गाळून चकचकीत निकाल दाखवणं मला अप्रामाणिक वाटतं, कारण समोरचा माणूस त्यावर विसंबून कोर्टात उभा राहणार असतो.

निकालपत्रांचं काम आता हातात घेतलंय. नॅशनल आर्काइव्ह्ज या ब्रिटनच्या सरकारी अभिलेखागाराची 'फाइंड केस लॉ' सेवा एप्रिल २०२२ पासून सुरू आहे आणि निकाल एक्सएमएलमध्ये देते. तिचा परवाना मात्र वेगळा आहे; मोठ्या प्रमाणावर संगणकीय विश्लेषण करायचं तर आधी अर्ज करावा लागतो. अनेक निकाल एकदम उतरवून घेण्याआधी तो परवाना वाचाच. न्यूट्रल सायटेशनची, म्हणजे कोर्टानेच निकालाला ओळख क्रमांक देण्याची, पद्धत इंग्लंड-वेल्सच्या कोर्टांत २००१पासून आली, त्यामुळे नंतरचे निकाल कलमांशी जोडणं सोपं जातंय. त्याआधीचे निकाल ते छापलेल्या लॉ रिपोर्टचं (निकालसंग्रहाचं) नाव, खंड आणि पान यांवरून ओळखावे लागतात. सध्या मी तीच जुळवणी हाताने तपासतोय, रोज थोडी थोडी.