तांब्याचं होमकुंड: पत्रा बघा, सांधा त्याहून नीट बघा

वर १२ इंच, तळाला ४ आणि खोली ६. बेळगावच्या बाजारात वास्तुशांतीसाठी मिळणाऱ्या तयार होमकुंडांत घरच्या तासाभराच्या होमाला एवढं माप पुरतं. दुकानदार चकाकी दाखवतो. आपण काटा मागावा. या मापाला पत्रा १ मिलिमीटरचा असेल, तर कडा-पाय सोडून वजन १ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास भरतं. ७०० ग्रॅमच भरलं तर पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा, तापला की बाक धरणारा.

खरी गोम सांध्यात आहे. कोपऱ्यात रुपेरी रेघ दिसली की कथलाचा डाग, म्हणजे कथील वितळवून केलेला जोड, समजावा. कथील २३२ अंशांना वितळतं, लाकडाचा विस्तव सहज ६०० च्या वर जातो. ऐन पूर्णाहुतीला कोपरा उघडतो आणि तूप फरशीवर. पत्रा दुमडून ठोकलेला किंवा पितळेचा डाग दिलेला सांधा महाग पडतो, तरी तोच घ्यावा.

खाली विटा आणि दोन इंच वाळू हवीच, नाहीतर टाइल तडकते. तळ बंद असल्याने हवा फक्त वरून येते, म्हणून समिधा चौकटीसारख्या आडव्या-उभ्या रचाव्यात. तूप पातळ करून ज्वाळेवरच सोडावं. नुसत्या निखाऱ्यावर पडलं की धूर. खानापूरकडच्या पावसाळ्यात सर्दावलेल्या शेणी आधी चुलीजवळ वाळवाव्यात.

अखंड अग्नी ठेवायचा असेल तर मात्र हे कुंड घेऊ नये. पातळ तांबं उष्णता झपाट्याने बाहेर टाकतं, निखारा रात्र काढत नाही. त्याला मातीची चूल आणि वर राखेचा थर बरा. प्राचीन रोममध्ये व्हेस्टा देवीचा अग्नी दर १ मार्चला नव्याने पेटवत. मध्येच विझला तर राखणाऱ्या कुमारिकेला फटके बसत; मग शुभ मानलेल्या झाडाची फळी घुसळून विस्तव काढायचा आणि काशाच्या चाळणीतून मंदिरात न्यायचा. लाकडावर लाकूड घुसळून अग्नी काढायची आपली अरणीच म्हणा! चाळण निवडणाऱ्याला निखाऱ्याची पारख असावी: राख गळते, खालून हवा लागते.

होम झाल्यावर तापल्या कुंडावर पाणी ओतू नये, पत्रा वाकडा होतो. राख कोरडीच काढावी, मग चिंच-मिठाने घासावं. पाय स्क्रूचे असतील तर दर वेळी आवळून घ्यावेत.