प्रोहिबिट, प्रोस्क्राइब की इंटरडिक्ट?

इंग्रजीत नियमावली किंवा करार लिहिताना ‘मनाई’साठी शब्द हवा असेल, तर बहुतेक वेळा ‘प्रोहिबिट’ घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. नियमाने किंवा कायद्याने घातलेली मनाई त्यातून नेमकी कळते आणि वाचणाऱ्याला शब्दकोश उघडावा लागत नाही. रचना मात्र सांभाळायची: त्याच्यापुढे ‘फ्रॉम’ आणि ‘आयएनजी’चं रूप येतं. अनेक जण ‘टू’ लावतात, कारण ‘फॉरबिड’ची सवय असते. ‘फॉरबिड’ला ‘टू’ चालतो, पण त्यात वडीलधाऱ्याने दटावल्याचा सूर आहे. ‘बॅन’ आटोपशीर, बातमीच्या मथळ्याला बरा.

‘प्रोस्क्राइब’ मोहात पाडतो. लॅटिनमधला त्याचा मूळ अर्थ ‘लिहून जाहीर करणे’. इ.स.पूर्व ८२मध्ये रोमन सेनापती सुल्लाने रोममध्ये आपल्या शत्रूंच्या नावांच्या याद्या लावल्या. यादीत नाव आलं की मालमत्ता जप्त, आणि त्या माणसाला मारणाऱ्याला बक्षीस. त्या यादीची सावली शब्दावर अजून आहे. ब्रिटनच्या २०००च्या दहशतवादविरोधी कायद्यात बंदी घातलेल्या संघटनांना ‘प्रोस्क्राइब्ड’च म्हणतात. गाडी लावायला मनाई करण्यासाठी एवढं जड हत्यार कशाला? शिवाय एका अक्षराची गफलत झाली आणि ‘प्रिस्क्राइब’ छापलं गेलं, तर जे करू नका म्हणायचं तेच ‘करा’ असं होऊन बसतं. ही चूक स्पेलिंग तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही सहसा दिसत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत.

‘इंटरडिक्ट’ची घरं ठरलेली आहेत. पोप तिसरा इनोसंट याने १२०८मध्ये इंग्लंडवर इंटरडिक्ट लादला, तेव्हा तिथल्या चर्चमधले बहुतेक विधी १२१४पर्यंत थांबले. स्कॉटलंडच्या न्यायालयात हा शब्द म्हणजे मनाई हुकूम. सैन्याच्या भाषेत शत्रूची रसद वाटेतच तोडणं. या तीन ठिकाणांबाहेर तो वापरू नये.

सर्वांत सांभाळून राहायचं ते ‘एन्जॉइन’पासून. ‘टू’ लावला तर तो आज्ञा करतो आणि ‘फ्रॉम’ लावला तर मनाई. अमेरिकी न्यायालयांच्या आदेशांत दुसरा अर्थ रुळलेला आहे, त्यामुळे तिथे तो वाचता यायलाच हवा. आपल्या करारात मात्र मी तो येऊ देणार नाही.