घराचं वाढीव बांधकाम आणि एक साधी स्प्रेडशीट: बरेच महिने वापरल्यानंतर

राहत्या घराला मागच्या बाजूने दोन खोल्या आणि एक बाथरूम वाढवायचं ठरलं, तेव्हा नियोजनासाठी मी बांधकामाची खास अ‍ॅप्स पाहिली आणि शेवटी साधी स्प्रेडशीट घेतली. पायाची आखणी व्हायच्या आधीपासून रंगाचा शेवटचा हात होईपर्यंत ती जवळजवळ रोज उघडली. कामाच्या तारखा सांभाळायला ती चांगली आहेच. पण माझ्या मते तिचा खरा उपयोग आमच्या स्वतःच्या निर्णयांच्या तारखा सांभाळायला झाला. बांधकाम मजुरांवाचून अडतं त्यापेक्षा जास्त घरच्यांनी न ठरवलेल्या गोष्टींवर अडतं, हे मला त्या शीटमुळे वेळेत दिसलं.

मांडणी अगदी साधी ठेवली. काम, कोण करणार, आधी काय संपायला हवं, किती दिवस, सुरुवात, शेवट, आणि प्रत्यक्षात कधी झालं. यातला 'आधी काय संपायला हवं' हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. एखाद्या कामाआधी तीन कामं संपायला हवी असतील, तर त्या तिघांतली सर्वांत उशिराची तारीख मॅक्स फॉर्म्युल्याने उचलायची आणि पुढच्या कामाची सुरुवात तिथून काढायची. मग एक तारीख हलली की पुढची सगळी साखळी आपोआप हलते. शेजारच्या रकान्यांत रंगाच्या पट्ट्या केल्या की झाला गँट चार्ट. हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने 1910 च्या दशकात रूढ केलेला हा तक्ता एका घराच्या कामालाही तितकाच उपयोगी पडतो. मात्र नुसत्या पट्ट्यांवर थांबू नका. ज्या साखळीत एक दिवसही मोकळा नाही, ती शोधून वेगळ्या रंगात ठेवा. 1950 च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँट कंपनीच्या कामांसाठी जी क्रिटिकल पाथ पद्धत तयार झाली, तिचं सार हेच. आमच्याकडे ती साखळी खिडक्यांची निघाली. भिंतीतलं भगदाड तयार झाल्याशिवाय पक्कं माप मिळत नाही, मापाशिवाय खिडकी बनायला जात नाही, खिडकी बसल्याशिवाय कडांचा गिलावा होत नाही आणि गिलावा वाळल्याशिवाय रंग नाही. स्लॅबची काळजी सगळेच करतात, पण आमची शेवटची तारीख ठरत होती खिडक्यांवर.

दिवस दोन प्रकारचे असतात, हेही शीट भरताना पक्कं समजलं. विटकाम, गिलावा, फरशी यांचे दिवस म्हणजे माणसं येण्याचे दिवस. त्यात सुट्ट्या वगळायला हव्यात, आणि त्यासाठी वर्कडे हा फॉर्म्युला आहे. काँक्रीटचं मात्र तसं नाही. सिमेंट आणि पाण्याची प्रक्रिया सुट्टीच्या दिवशीही चालू असते आणि सुट्टीच्या दिवशीही पाणी मारावंच लागतं. तिथे सरळ बेरीज. काँक्रीटची ताकद 28 दिवसांची धरतात, सातव्या दिवशी ती साधारण दोन तृतीयांशाच्या आसपास असते, आणि स्लॅबखालचे टेकू कधी काढायचे ते दोन आधारांमधल्या अंतरावर अवलंबून असतं. ही तारीख स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्यायची, गवंड्याच्या अंदाजावर सोडायची नाही. मुद्दा असा की स्लॅब पडला म्हणजे खोली मिळाली नाही. खाली टेकू उभे असेपर्यंत तिथे ना वायर-पाइपसाठी भिंतीत झिरी मारता येत, ना गिलावा करता येत. म्हणून 'थांबणे' या कामालाही मी स्वतंत्र ओळ दिली. घरातली माणसं "काम बंद का आहे?" असं विचारायची, तेव्हा ती ओळ दाखवली की पुरे व्हायचं.

आता निर्णयांबद्दल. यासाठी वेगळं पान केलं. त्यात तीनच रकाने: काय ठरवायचं, ते कोणत्या कामाला लागतं, आणि कधीपर्यंत. तिसरा रकाना दुसऱ्या रकान्यातल्या कामाच्या सुरुवातीच्या तारखेवरून उलटा मोजून काढायचा. वस्तू बसणार कधी याला इथे महत्त्व नाही, ती वस्तू पहिल्यांदा कुठल्या कामावर परिणाम करते त्याला आहे.

एक प्रसंग सांगते. नव्या खोल्यांची जमीन जुन्या घराच्या फरशीशी सपाट मिळायला हवी होती, मध्ये पायरी नको होती. खालचं काँक्रीट ओतायच्या आधी मिस्त्रींनी लेव्हलची पारदर्शक नळी घेतली, जुन्या फरशीपासून बरोबर एक मीटर उंचीची खूण नव्या भिंतींवर सगळीकडे फिरवली आणि मला विचारलं, "ताई, फरशी कोणती बसवणार? त्यावर मी खालची पातळी धरतो." फरशी बसायला अजून काही महिने होते. पण हिशेब सरळ आहे. टाइल 10 मिलीमीटरची आणि खाली 40 मिलीमीटरचा सिमेंट-वाळूचा माल, तर काँक्रीट जुन्या फरशीच्या 50 मिलीमीटर खाली थांबलं पाहिजे. तीच फरशी 20 मिलीमीटर जाडीच्या दगडाची घेतली, तर 60 मिलीमीटर. हा दहा मिलीमीटरचा फरक नंतर भरून काढायचा म्हणजे एक तर माल पातळ होतो किंवा दारात ठेच लागेल असा उंचवटा येतो. आमच्या निर्णयांच्या पानावर फरशीची ओळ 'पाया भराई'च्या आधी होती, आणि जाडी ठरलेली होती. मी आकडा सांगितला, त्यांनी खुणेपासून टेपने खाली माप घेतलं, दोरी ओढली आणि कामाला लागले.

अशा गोष्टी बऱ्याच निघतात. कमोड भिंतीवर टांगायचा की जमिनीवर ठेवायचा, हे ड्रेनेजची पाइप टाकायच्या आधी ठरलं पाहिजे, कारण पाइपचं तोंड भिंतीपासून किती अंतरावर हवं ते त्यावर ठरतं. शॉवरचा भिंतीत बसणारा डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे की नळाकडे वळवणारा भाग) नुसता निवडून भागत नाही, तो प्रत्यक्ष हातात हवा, कारण गिलावा आणि टाइल धरून त्याची खोली साधावी लागते. बीममधून जाणाऱ्या पाइपसाठी स्लीव्ह, म्हणजे जागा राखणारा नळीचा तुकडा, काँक्रीट ओतायच्या आधी सेंट्रिंगच्या साच्यातच ठेवावी लागते, नंतर बीमला भोक पाडणं धोक्याचं. पलंग कुठे येणार हे माहीत नसेल, तर वायरमन स्विचबोर्ड त्याच्या सोयीने लावतो. तो तरी काय करणार!

नवीन घर बांधणं आणि राहत्या घराला जोड देणं यातला फरकही नियोजनात दिसायला हवा. जुना पाया खाली बसायचा तेवढा बसून चुकलेला असतो, नवा पाया भार आल्यावर थोडा बसणार. म्हणून दोन्हींमध्ये लवचीक भरणी असलेला सांधा ठेवायचा की नाही, हे इंजिनिअरने आराखड्यातच सांगायला हवं. शीटमध्ये या सांध्याची स्वतंत्र ओळ ठेवल्यामुळे तो गिलाव्याच्या घाईत बुजला नाही. दुसरं म्हणजे जुनी भिंत फोडणं. ठेकेदारांना ये-जा सोपी म्हणून ती लवकर फोडायची असते. आम्ही ती ओळ खिडक्या आणि बाहेरचं दार बसल्यानंतरच ठेवली आणि त्यावर ठाम राहिलो. धूळ, पाऊस, अनोळखी माणसांची वर्दळ हे सगळं तोवर नव्या बाजूलाच राहिलं आणि घरातलं रोजचं जगणं नीट चाललं. पाणी आणि वीज बंद राहण्याचे दिवसही आधी लिहून ठेवल्याने घरात कुणाची तारांबळ उडाली नाही.

पैशाचं पान थोडक्यात सांगते. हप्ते तारखेला बांधू नका, झालेल्या टप्प्याला बांधा. जादा कामाचा दर काम व्हायच्या आधी लिहून दोघांनी मान्य करायचा. एकूण अंदाजावर 10 ते 15 टक्के राखीव ठेवायचे आणि ते फरशी आणखी भारी घेण्यासाठी मोडायचे नाहीत.

उणिवा आहेत. मोबाइलवर एवढे रकाने दिसत नाहीत, आणि सिमेंटच्या हातांनी कुणी मोबाइल उघडून बघतही नाही. शीट माझ्यासाठी होती, मिस्त्रींसाठी नाही. त्यावर उपाय म्हणून पुढच्या दोन आठवड्यांची कामं मोठ्या अक्षरांत छापून साइटवर लावत गेले. ती यादी त्यांनी खरंच वापरली, त्यात पेनाने बदलही करून ठेवले, आणि ते मी संध्याकाळी शीटमध्ये चढवायचे. घरातल्या दोघांनी एकाच वेळी फॉर्म्युले हलवले की गोंधळ होतो, म्हणून तारखांचे रकाने लॉक करून ठेवा. आणि हे रोज भरणारं एक माणूस घरात नसेल, तर या पद्धतीच्या वाटेला जाऊ नका. आठवडाभर न भरलेली शीट खोट्या तारखा दाखवत राहते.

अजून एक रकाना मी मध्येच जोडला, तो सुरुवातीपासून ठेवा असं आवर्जून सांगेन: फोटोचा. गिलावा मारायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो, टेप जमिनीपासून उभी धरून, म्हणजे पाण्याच्या आणि विजेच्या पाइप किती उंचीवर आहेत ते वाचता येतं. त्या ओळीत फोटोची लिंक. काम संपलं तरी शीट मी अजून उघडते ती याच रकान्यासाठी. कपाटाला, आरशाला, पडद्याच्या दांडीला भिंतीत ड्रिल मारायचं असलं की आधी फोटो बघायचा, मग भोक.