सिरॅमिक क्लच, आठ महिने आणि तीन केबली

तिसरी क्लच केबल तुटली ती पन्हाळ्याच्या वाटेवर, वाघबीळच्या चढाला. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागं एसटी. आठ महिन्यांत तिसरी! त्याच रात्री सडकून लिहायला बसलो. तेव्हा लिहिलेलं बरंचसं खाली तसंच ठेवलंय, कारण नंतर भानगड वेगळीच निघाली.

गाडी २००१ ची मारुती एस्टीम, आधीच्या मालकानं रॅलीत पिदडलेली. १.३ लिटरचं इंजिन काढून बलेनोचं १.६ चं बसवलेलं. कंपनीची ऑरगॅनिक (तंतू-रेझिनच्या अस्तराची) क्लच प्लेट ऑटोक्रॉसच्या, म्हणजे आखलेल्या मैदानातल्या वेळेच्या शर्यतीच्या, एका सकाळी चार लाँचमध्ये (उभी गाडी जोरात सोडण्यात) जळाली. तो वास ज्यानं घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको.

पर्याय दोन होते. ऑरगॅनिकच ठेवून जड प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी, जास्त कडक स्प्रिंगची), नाहीतर आहे त्या प्रेशर प्लेटवर चार पकची, म्हणजे घर्षणाच्या चार तुकड्यांची, स्प्रिंगवाली सिरॅमिक. मी शहाणा, दोन्हीतलं जड तेवढं एकत्र घेतलं. बावीस हजार गेले. खरं तर पकड ठरते दाब, घर्षण आणि त्रिज्येवर. ऑरगॅनिकचा घर्षणांक साधारण ०.३, सिरॅमिकचा ०.४ च्या आसपास. म्हणजे नुसती प्लेट बदलली तरी पकड जवळपास तिसऱ्या हिश्श्यानं वाढते आणि पेडल आहे तेवढंच हलकं राहतं. या इंजिनाचा टॉर्क १३० न्यूटन-मीटरच्या घरात. त्यात ओढ पुढच्या चाकांची, मुरुमावर टायर आधी फिरतो आणि क्लचवरचा भार तिथंच सुटतो. जड प्रेशर प्लेट हवी कशाला? हे गणित मी पैसे दिल्यावर केलं.

उद्यमनगरात फ्लायव्हीलला, म्हणजे क्लच प्लेट टेकते त्या इंजिनाच्या चाकाला, फेसिंग मारून तोंड सपाट करून घेतलं. ते चुकवू नका, जुन्या चरांवर नवी प्लेट कधीच नीट बसत नाही. मग नवी प्लेट रुळावी म्हणून आठशे किलोमीटर गारगोटी-राधानगरी करत सभ्य माणसासारखी चालवली.

मुरुमावर हा क्लच राजा आहे. पाय सोडला की गाडी सुटते, मधलं काही नाही. पाचव्या लाँचलाही पहिल्याइतकाच चावतो, वास नाही. पण कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या गर्दीत संध्याकाळी सहाला? हाफ क्लच नावाची गोष्टच नाही. गाडी थरथरते, डॅशबोर्ड वाजतो, शेजारचा रिक्षावाला वाकून बघतो. उसाच्या हंगामात पन्हाळ्याला जाणं बंदच केलं होतं, त्या दिवशी नेमका पाहुण्यांसाठी गेलो. पेडल दाबून बघितल्यावर मेस्त्री म्हणाले, "ह्यो क्लच न्हवं, तालमीतला जोर हाय."

आणि केबली. पहिली दुसऱ्या महिन्यात गेली. गिअरमध्येच सेल्फ मारून गाडी उठवली आणि आवाजावर गिअर टाकत घरी आणली. दुसरी त्यानंतर दोन महिन्यांनी. जड प्रेशर प्लेट म्हणजे केबलला फाशी, असं मी चार जणांना सांगितलं. ज्यानं विकली त्या पुण्याच्या दुकानदाराला फोनवर काय बोललो ते इथं लिहीत नाही.

आता पुढचं. तिसरी केबल काढल्यावर मेस्त्रींनी ती उजेडात धरली. तार ताणून तुटलेली नव्हती. आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटलं होतं, टोक काळं पडलेलं. नवी केबल टाकली आणि मला म्हणाले, "सेल्फ मारा." स्वतः बोनेटखाली केबलवर हात ठेवून उभे. दोन सेकंदांत हात मागं घेतला. केबल गरम!

क्लच बसवताना, गिअरबॉक्स खाली आहेच तर, म्हणून वजनासाठी बॅटरी डिकीत न्यायला मीच सांगितलं होतं. ती नेताना मायनस बॉडीला जोडली, पण इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी लावायची राहिली. इंजिन रबराच्या माउंटिंगवर. मग स्टार्टरचा शंभर-दीडशे अँपिअर करंट परत जाणार कुठून? सापडेल त्या धातूतून, म्हणजे क्लच केबलमधून. सेल्फ हल्ली सुस्त फिरतो, हे मला दिसत होतं. त्याचं खापर मी बॅटरीवर फोडून एक नवी बॅटरीही घेतली होती. ते दुःख वेगळं.

पट्टी एकशे ऐंशी रुपयांची. लावल्यावर सेल्फ असा फिरला की मेस्त्री नुसतेच माझ्याकडं बघत राहिले. दुकानदाराला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "साहेब, मी तेव्हाच अर्थिंग बघा म्हटलं होतं." म्हटलंही असेल, मी ऐकायच्या मूडमध्ये नव्हतो.

तर तक्रारीतून केबल वगळा. चार पकच्या प्लेटला पाचपैकी साडेचार, अर्धा गंगावेशीनं कापला. जड प्रेशर प्लेटला दोनच. ती काढून जुनी टाकायची तर गिअरबॉक्स पुन्हा खाली घ्यावा लागतो, मजुरी साडेतीन हजार. तेवढ्यासाठी कोण खर्च करतंय? डावा गुडघा माझाच आहे, फुकटचा.