नवरा-बायको दोघांचं आयआरए टॅक्स सॉफ्टवेअरमध्ये भरताना: दहा महिन्यांचा अनुभव

२०२५च्या जानेवारीत सॉफ्टवेअर घेतलं, मार्चमध्ये २०२४चं रिटर्न भरलं आणि परवा यंदाचा अंदाज काढायला पुन्हा उघडलं. पगार, बँकेचं व्याज, शेअर्स यांत काही त्रास नाही. डब्ल्यू-२चा (कंपनीकडून मिळणारा वर्षाच्या पगाराचा फॉर्म) फोटो काढला की आकडे जागच्या जागी बसतात. डोकं लावावं लागलं ते आयआरएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या निवृत्तीसाठीच्या वैयक्तिक बचत खात्याच्या पानावर.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझ्या एच-४ ईएडीची (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणारा कामाचा परवाना) मुदत संपली आणि २०२३च्या अखेरीस नोकरी सुटली. २०२४मध्ये माझी कमाई शून्य. तरी माझ्या ट्रॅडिशनल आयआरएत (यात टाकलेल्या पैशांची करात वजावट मिळू शकते) ७,००० डॉलर टाकता आले, कारण जॉइंट, म्हणजे दोघांचं मिळून एकच रिटर्न भरलं की नवऱ्याच्या पगारावर बायकोलाही पैसे टाकता येतात. हे माझ्या ओळखीतल्या एच-४वरच्या बऱ्याच जणींना माहीत नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहितेय. आयआरए कधीच जॉइंट नसतं. ते खातं माझ्या एकटीचं आहे, आणि नोकरी गेल्यावर मला त्याचा फार आधार वाटला.

आता चूक कुठे होते ते सांगते. रिटर्नवर नवऱ्याचं नाव आधी, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या लेखी 'यू' म्हणजे तो आणि मी 'स्पाउस'. रात्री मुलं झोपल्यावर मी एकटी भरत बसले होते. 'यू' वाचलं आणि माझे ७,००० तिथेच टाकले. त्याचे रॉथचे (आयआरएचा दुसरा प्रकार, यात वजावट नसते) ७,००० आधीच भरलेले होते. रॉथ आणि ट्रॅडिशनल मिळून पन्नाशीच्या आतल्या माणसाला २०२४साठी मर्यादा ७,०००चीच होती, म्हणजे त्याच्या नावावर तेवढेच जास्तीचे दिसले. त्यावर ६ टक्के दंड, म्हणजे ४२० डॉलर! सॉफ्टवेअरने दंड दाखवला, पण रकाना चुकला असेल अशी शंकासुद्धा काढली नाही. नुसतं 'यू' लिहिण्याऐवजी तिथे माणसाचं नाव घालायला हवं होतं.

रकाना सुधारला, तरी माझी वजावट शून्यच. अर्धा तास शोधल्यावर कळलं की गेल्या वर्षीच्या माहितीतून माझ्या जुन्या कंपनीचा कोरा डब्ल्यू-२ आपोआप आला होता आणि त्यातल्या बॉक्स १३मध्ये 'रिटायरमेंट प्लॅन'वर टिकही होती. आमचं उत्पन्न १,६८,००० च्या आसपास. कामाच्या ठिकाणी प्लॅन असेल तर २०२४च्या जॉइंट रिटर्नमध्ये १,४३,००० ला वजावट संपत होती. फक्त नवऱ्याला प्लॅन असेल, तर माझी वजावट २,३०,००० पर्यंत पूर्ण मिळत होती. तो डब्ल्यू-२ काढून टाकला आणि कर १,५४० डॉलरनी उतरला. एका टिकेपायी एवढे पैसे गेले असते.

नवऱ्याचं ४०१(के), म्हणजे कंपनीतला रिटायरमेंट प्लॅन, डब्ल्यू-२च्या बॉक्स १२मधून येतंच, ते आयआरएच्या पानावर परत भरू नका.

न्यू जर्सी राज्य आयआरएची वजावट देत नाही. म्हणजे पैसे काढताना याच रकमेवर राज्याचा कर पुन्हा लागू नये, म्हणून नोंद आपणच ठेवायची. सॉफ्टवेअरने ते सांगितलं नाही. मी वहीत एक पान केलंय.

मेमध्ये ब्रोकरकडून फॉर्म ५४९८ (आयआरएत किती पैसे टाकले ते दाखवणारा) आला. माझे पैसे मार्चमध्ये टाकले होते, पण ब्रोकरला '२०२४साठी' असं निवडून दिलं होतं, त्यामुळे आकडा जुळला. परवा २०२५चे ७,००० भरून पाहिले. 'स्पाउस'च्या रकान्यात.