मराठी विकिपीडियावर ९ महिने: सॉफ्टवेअर तेच, हत्यारं वेगळी

गेल्या ९ महिन्यांत मराठी विकिपीडियावर माझी ४०० च्या आसपास संपादनं झाली. विषय आमच्याकडच्या नद्या आणि घाट. त्याआधी अधूनमधून इंग्रजी विकिपीडियावर किरकोळ दुरुस्त्या करायचो. त्यामुळे इथे सगळं तसंच असेल या समजुतीत आलो होतो.

आधी कौतुक. कंट्रोल आणि एम एकत्र दाबलं की लिहिण्याच्या चौकटीत देवनागरी उमटायला लागते, वेगळं काही बसवावं लागत नाही. अक्षरांतरण (रोमन अक्षरांत टंकून देवनागरी उमटवणं) आहे, इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलकही आहे. मी इनस्क्रिप्टवाला, त्यामुळे ‘दऱ्या’ लिहिताना शिफ्ट-जे दाबून मोकळा होतो. आणि शब्द! सरावाच्या पानाला इथे धूळपाटी म्हणतात, गप्पांच्या पानाला चावडी, आपोआप संपादनं करणाऱ्या बॉटला सांगकाम्या. सरावाच्या पानाचा इंग्रजी शब्द ‘सँडबॉक्स’ ऐकून मला कधी काही आठवलं नव्हतं. आजोबा धूळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवून शिकले, त्यामुळे हा शब्द लगेच आपला वाटला.

आता हत्यारांचं. दुसऱ्याच महिन्यात मी इंग्रजीतली एक माहितीचौकट (लेखाच्या बाजूला थोडक्यात माहिती दाखवणारा साचा, म्हणजे पुन्हापुन्हा वापरायचा तयार मजकूर) उचलून इथे डकवायला गेलो. जतन करायच्या आधी झलक पाहिली तर पानभर लाल दुवे, म्हणजे इथे नसलेल्या पानांचे दुवे. त्या एका साच्याच्या पोटात दुसरे साचे, त्यांच्या पोटात लुआ या प्रोग्रामिंग भाषेतले विभाग (मॉड्यूलला इथे विभाग म्हणतात), आणि त्या विभागांत महिन्यांची नावं इंग्रजीत. लग्नाला एकाला बोलवावं आणि अख्खी वरात दारात यावी, तसली गत. पान तसंच बंद केलं.

कारण नंतर समजलं. मीडियाविकी हे सॉफ्टवेअर सगळ्या भाषांना एकच, पण साचे, विभाग आणि उपकरणं ज्या-त्या विकीवर वेगवेगळी ठेवलेली असतात. इंग्रजीत कोणी एखादी सोय केली तर ती आपोआप मराठीत येत नाही. कोणीतरी बसून ती आणावी लागते आणि पुढे सांभाळावीही लागते. इंग्रजीतलं ट्विंकल घ्या, सूचना देणं आणि पानं वगळायला सुचवणं अशी कामं झटपट करणारं उपकरण. ते तिथल्या सूचनांच्या साच्यांवर आणि पान वगळण्याच्या तिथल्या नियमांवर बेतलेलं आहे. नुसता कोड आणून भागत नाही, मागचे नियम आणि साचेही उभे करावे लागतात. शिवाय २०१८ पासून साइटची जावास्क्रिप्ट साध्या प्रचालकालाही (ॲडमिनलाही) बदलता येत नाही, त्याला वेगळा अधिकार लागतो. इंग्रजीत लेख ७० लाखांच्या घरात, मराठीत लाखाच्या आसपास. राबणारे हातही त्याच मानाने कमी.

पण सगळं खापर माणसांच्या संख्येवर फोडणं मला पटत नाही. काही गोष्टी लिपीमुळेच अडतात. वर्षांची वजाबाकी करायला मी साच्यात ‘२०१३-१९५६’ असं देवनागरीत लिहिलं, तर उत्तराच्या जागी त्रुटीचा लाल मजकूर. आकडेमोड करणाऱ्या त्या फंक्शनला फक्त 1, 2, 3 समजतात. आधी आकडे इंग्रजी करून द्यायचे, मग उत्तर देवनागरीत आणायचं. ही युक्ती एका अनुभवी सदस्याने सांगितली म्हणून सुटलो.

भाषांतराच्या साधनाचा प्रकार उलटा. इंग्रजीत ते वापरायला किमान ५०० संपादनं आणि ३० दिवस जुनं खातं लागतं, आणि यंत्राचं भाषांतर तिथे बंदच ठेवलंय. मराठीत माझ्यासारख्या नवख्यालाही ते मिळालं. सोय चांगली, पण यंत्र ‘ज्याने’, ‘ज्याला’, ‘ज्यामुळे’ची वाक्यं ओततं आणि ती मोडून लिहिण्यात निम्मी संध्याकाळ जाते. हल्ली मी मजकूर स्वतः लिहितो, साधन फक्त दुवे आणि संदर्भ आणायला वापरतो.

भाची जर्मनीत असते. तिने जर्मन विकिपीडियावर लॉगिन न करता पुण्याच्या लेखातली एक चूक दुरुस्त केली आणि ‘दिसतच नाही’ म्हणून मला फोन केला. २००८ पासून तिथे नवख्यांचा बदल अनुभवी सदस्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय वाचकाला दिसत नाही. पद्धत छान, पण रोज तपासायला बसणारी माणसं हवीत. इंग्रजीत बरीचशी खोडसाळ संपादनं क्लूबॉट एनजी हा सांगकाम्या आपोआप उलटवतो. माणसांनी बरी-वाईट ठरवून दिलेल्या संपादनांवरून तो शिकलाय. त्याला मराठी शिकवायची तर आधी आपल्यालाच हजारो संपादनं निवडून द्यावी लागतील.

सगळ्यात जास्त वेळ मात्र ‘ॲ’ने खाल्ला. ॲमेझॉन नदीला दुवा दिला तर लाल. लेख तर आहे! शोधल्यावर कळलं, माझा ‘ॲ’ हे एक सलग अक्षर, शीर्षकात मात्र अ आणि वरचा चंद्र वेगवेगळे टंकलेले. ‘ऍ’ हा आणखी तिसरा. वाचणाऱ्याला तिन्ही एकच, संगणकाला तीन. हा सलग ‘ॲ’ युनिकोडमध्ये आला २००८ साली आणि मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ ला. म्हणजे पहिली पाच वर्षं लिहिणाऱ्यांना ते अक्षर मिळणंच शक्य नव्हतं. आता रात्री जेवण झालं की पुनर्निर्देशनं (एका शीर्षकावरून दुसऱ्या शीर्षकाच्या लेखाकडे नेणारी पानं) करत बसतो. २२ झाली. ॲल्युमिनियम उद्या.